मांजरांची गणितं आणि हेडसरांचा कोनाडा

आमच्या गावात येऊन 'साळवे सर कुठं राहतात' असं विचारलंत, तर कुणी माझं घर दाखवणार नाही. चर्चच्या गल्लीत साळवे पुष्कळ आहेत. 'मांजरवाले मास्तर' म्हणा, एसटी स्टँडवरचा पानवालासुद्धा दुकान सोडून वाट दाखवायला येईल. मी जन्मात कधी मांजर पाळलेलं नाही. आमच्या सौभाग्यवती शांताबाईंना मांजराच्या केसांनी शिंका येतात. तरी हे नाव मला चिकटलं, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी निघत नाही. ते कसं चिकटलं तेच सांगतो, म्हणजे माझ्या नोकरीत सांगण्यासारखं जे काही होतं ते त्यात आपोआप येईल.

मी राहुरीजवळच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचो आणि संध्याकाळी खो-खोचा संघ तयार करायचो. लोकांना वाटायचं ही दोन कामं वेगळी आहेत. माझ्या लेखी ते एकच काम होतं. गणिताच्या तासाला पोरं घाबरून बसायची आणि मैदानावर विचार न करता पळायची. वर्गातली भीती थोडी मैदानावर न्यावी आणि मैदानावरची मजा वर्गात आणावी, एवढाच माझा खटाटोप.

एकदा एका विद्यार्थ्याचे वडील शाळेत आले. अंगानं धिप्पाड, डोक्याला भलं मोठं मुंडासं. म्हणाले, "मास्तर, गनितानं माझ्या पोराचा नांगर सरळ चालंल का?"

मी म्हणालो, "नांगराचं सांगता येत नाही, पण पोरगं सरळ चालेल."

"मंग शिकवा. वाकडं चालायचा लई नाद हाय त्याला."

ते पोरगं म्हणजे दत्तू, पुढं आमच्या संघाचा कप्तान झाला. वाकडं चालायच्या नादाचा मैदानावर फार उपयोग झाला हे त्याच्या वडिलांना मी कधी सांगितलं नाही.

आता ज्यांनी खो-खो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. मैदानाच्या मधोमध एक पट्टी, दोन टोकांना दोन खांब. पट्टीवर आठ गडी उकिडवे बसतात, एकाचं तोंड इकडं तर शेजारच्याचं तिकडं. नववा समोरच्या संघाच्या गड्याचा पाठलाग करतो. त्याला मागं वळता येत नाही आणि मधली पट्टी ओलांडता येत नाही. पळणारा मात्र बसलेल्यांच्या मधून खुशाल इकडून तिकडं जातो. मग पाठलाग करणारा काय करतो? बसलेल्या एखाद्याच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणतो. तो उठतो, हा त्याच्या जागी बसतो. बाकी सगळं या 'खो'त आहे. कुणाला द्यायचा, आणि केव्हा.

सगळ्यांची चूक एकच. पळणारा जिथं दिसतो त्याच्याजवळच्या गड्याला खो देतात. अरे, तो गडी उठेपर्यंत पळणारा तिथं राहतो होय? मी पोरांना सांगायचो, तो आत्ता कुठं आहे ते बघू नका, आपला गडी उठेल तेव्हा तो कुठं असेल ते बघा. जवळचा सोडा, पुढच्याला उठवा. सांगायला सोपं आहे. धावताना कुणाच्याही डोक्यात शिरत नाही.

शिवाय मैदानावर ते शिकवायची चोरी होती. आमच्या मैदानाला कुंपण नव्हतं. बाजारच्या दिवशी तर पंचक्रोशीतली माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन सराव बघत उभी राहायची, आणि त्यातली निम्मी दुसऱ्या शाळांच्या पोरांचे काके-मामे. म्हणून मी शहाणपणा केला. डावपेच मैदानावर शिकवायचेच नाहीत असं ठरवलं. ते मी वर्गात, दार लावून, गणितं म्हणून घालू लागलो.

'एका सरळ रेषेवर सारख्या अंतरावर आठ मांजरं बसली आहेत. रेषेच्या डावीकडे पाचव्या मांजराजवळ एक उंदीर पळतो आहे. उजवीकडून नववं मांजर येत आहे. त्याने कोणाला उठवावे म्हणजे उंदीर सापडेल?' असं ते उदाहरण. पुढं मांजरांचा वेग वाढला, उंदीर हुलकावणी देऊ लागला, खांबाला वळसा घालू लागला, शेवटी एकाचे तीन उंदीर झाले. पोरं तुटून पडली. ज्यांना त्रैराशिक म्हटलं की पोटात दुखायचं ती मधल्या सुट्टीत मला गाठून "सर, नवं मांजर घाला की" म्हणायची. खेळाडूंना त्यातली मेख ठाऊक होती. बाकीच्या वर्गाला ती नुसतीच मांजरं होती, आणि मी मांजरवाला मास्तर.

घरीही तोच प्रकार. माझी थोरली मुलगी रूथ तेव्हा बारा-तेरा वर्षांची. गणितात पोरगी इतकी चलाख, की उदाहरण वर्गात घालण्याआधी मी ते तिच्यावर तपासून घ्यायचो. ते दुष्काळाचं वर्ष होतं. रेशनवर तांबडी मायलो ज्वारी मिळायची आणि ती निवडता निवडता शांता वैतागून जायची. आम्ही बापलेक त्यातलेच दाणे जमिनीवर मांडून मांजरं करायचो. दाणे मांजरं, आणि खडा सापडला तर तो उंदीर.

"अहो, ती मांजरं उचला आता. मला दळणाला टाकायचीत," शांता म्हणायची.

"थांब गं, उंदीर सापडतोय."

"उंदीर सापडेल हो, पण भाकरीत सापडायला नको!"

रूथला खेळायची फार हौस होती. पण संघ मुलांचा होता. मुलींचाही काढावा हे मला सुचायला आणखी दोन वर्षं गेली, तोवर ती शाळेतून बाहेर पडायच्या बेताला आली होती. याची चुटपुट मला अजून आहे.

आता आमच्या हेडसरांविषयी. धोतर, काळा कोट, काळी टोपी. आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नाही. दर नाताळला आमच्या घरी फराळाला यायचे, आणि शांताच्या करंज्या खाताना 'वहिनी, आमच्याकडे अशी पारी होत नाही' हे वाक्य न चुकता म्हणायचे. मी बांबूच्या काड्यांची पतंगाच्या कागदाची चांदणी करून दारावर लावायचो, तिचे कोन ते चष्मा सरसावून तपासायचे.

त्यांच्या ऑफिसात, खुर्चीच्या मागं, भिंतीत एक कोनाडा होता. त्यात हेडसरांनी एक विणलेला रुमाल अंथरला होता आणि वर काहीच नव्हतं. रोज सकाळी ते स्वतः त्या रिकाम्या कोनाड्यावरची धूळ पुसायचे. किसन शिपायानं एकदा विचारलं, "सर, ह्यात ठिवायचं काय?"

"यायचंय अजून," हेडसर म्हणाले.

यायची होती ती तालुक्याची खो-खोची फिरती ढाल. शाळा सुरू झाली तेव्हापासून हेडसरांना तिची आस होती. दोनदा आम्ही अंतिम सामन्यात जाऊन हरलो होतो. आणि येत्या मे महिन्यात हेडसर निवृत्त होणार होते. तोंडानं ते एकदाही काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी मैदानाच्या कडेला छत्री टेकून उभे राहायचे ते दिवे लागेपर्यंत. पोरांनाही कळत होतं. दत्तू मला म्हणाला, "सर, औंदा कोनाडा भरायचा. आमी हेडसरांस्नी मोकळ्या हातानं जाऊ देनार न्हाई." त्या वर्षी ती ढाल मला स्वतःसाठी नव्हे, त्या माणसासाठी पाहिजे होती.

सराव जोरात सुरू झाला. जमीन दगडासारखी झालेली. खांबाजवळ पोरं सूर मारायची, गुडघे फुटायचे. पाणी शिंपडावं तर प्यायला पाणी नाही. शांता अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी साठवून ठेवायची, ते आम्ही खांबांच्या भोवती टाकायचो. शाळेत मिळणारी सुकडी खाऊन पोरं पळायची आणि तक्रार करायची नाहीत.

त्याच सुमारास चर्चमध्ये एक गंमत घडली. मी रविवारी संडे स्कूलमध्ये शिकवायचो. उपासना संपली की चर्चमागच्या लिंबाखाली पोरांची गर्दी दिसू लागली. त्यातली बरीच पोरं अनोळखी. कपाळाला अबीर लावलेलीसुद्धा. आमचे पाळकसाहेब हरखून गेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "साळवे, पाहिलंत? नवी मुलं येताहेत. माझ्या संदेशाचा परिणाम दिसतोय."

"दिसतोय खरा," मी म्हणालो. मलाही बरं वाटलं. माझं सगळं लक्ष देवळाली प्रवऱ्याला व्हायच्या तालुक्याच्या सामन्यांत होतं, लिंबाखाली जाऊन बघावं असं काही सुचलं नाही.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात सामने झाले. आम्ही भराभर जिंकत गेलो. मांजरांनी काम चोख केलं. उपांत्य सामन्यात तर समोरच्या कप्तानानं हात जोडले. अंतिम सामना पडला माळवस्तीशी. माळवस्ती म्हणजे आमच्यापासून सायकलनं तासाभरावर, उघड्या माळावरचं गाव. तिथं नुकतंच हायस्कूल निघालं होतं. एक वर्ग मारुतीच्या देवळाच्या पडवीत, दुसरा कुणाच्या तरी गोठ्यात. आमच्या पोरांनी त्यांचे फाटके सदरे बघून आधीच हसायला सुरुवात केली. मी त्यांना दटावलं, पण खरं सांगायचं तर मनातून मीही निश्चिंत झालो होतो.

सामन्याआधी मी नेहमीप्रमाणे डोळे मिटून चार शब्दांची प्रार्थना केली. पोरांनी टोप्या काढून 'आमेन' म्हटलं आणि लगेच टोप्या घालून 'बजरंगबली की जय' केलं. आमच्या संघाची ही रीतच होती, कुणालाच तोटा नको.

पहिल्या डावात आम्ही पाठलाग केला. पण आमचा गडी पुढच्याला उठवायचा, आणि माळवस्तीचा पळणारा नेमका तिथं यायचाच नाही. उलटा फिरून मोकळा. जसं काही आमच्या मनातलं त्याला ऐकू येत होतं. कसेबसे काही गडी बाद झाले. मग त्यांची पाठलागाची पाळी आली. आमचा दत्तू पळत होता. पाचव्या गड्यापाशी तो झुलत उभा, चेहऱ्यावर हसू. माळवस्तीचा गडी अंगावर आला, जवळच्याला खो देणार असं वाटलं, आणि त्यानं तो दिलाच नाही. तसाच पुढं गेला आणि पुढच्याच्या पाठीवर थाप मारली. दत्तू सवयीनं वळला तो थेट त्याच्या हातात.

दत्तू बाहेर आला, धापा टाकत माझ्यासमोर उभा राहिला. "सर! ह्ये तर आपलंच मांजर हाय वो!"

मी बघत राहिलो. दत्तूचं खरं होतं. हुलकावणीचं मांजर, खांबाच्या वळशाचं मांजर, एकामागून एक माझीच मांजरं मैदानावर उठत होती, आणि अशी सफाईनं उठत होती, की आमच्या पोरांनीही तशी कधी उठवली नव्हती. शेवटच्या डावात दोघांचे गुण बरोबरीत आले होते. वेळ संपत आली होती. त्यांचा कप्तान, बबन नावाचा काटकुळा पोरगा, आमच्या शेवटच्या गड्याच्या मागं होता. एक क्षण तो थांबल्यासारखा झाला. त्याचे ओठ हलले. तो मोजत होता! मग त्यानं तीन गडी सोडून चौथ्याला खो दिला, आणि आमचा गडी बाद. एका गुणानं आम्ही हरलो.

माझ्या शेजारी हेडसर बसले होते. त्यांनी माझ्या कोटाची बाही ओढली. "मास्तर, आपण हरलो."

"हो सर."

"मग टाळ्या कसल्या वाजवताय?"

मी उभा राहून टाळ्या वाजवतो आहे हे मला तेव्हाच कळलं. "सर," मी म्हणालो, "उत्तर बरोबर आलंय."

हेडसरांनी माझ्याकडे असं बघितलं, की उन्हानं माझं डोकं फिरलं आहे असं त्यांना वाटलं असावं.

आमची पोरं मात्र खवळली होती. "कुनीतरी फुटलंय, सर. आपल्यातलंच," दत्तू म्हणाला. ती एकमेकांकडं संशयानं बघत होती. तेवढ्यात तो बबन ढाल दुसऱ्याकडं देऊन धावत आला आणि माझ्या पाया पडला.

"सर, तुमची समदी मांजरं आमी सोडवली. पर त्ये तीन उंदरांचं काय सुटंना. तेवढं सांगा की."

"अरे, पण तुला ही गणितं दिली कुणी?"

"रूथताईंनी. चर्चमागं, लिंबाखाली. दर रविवारी काडीनं जमिनीवर काढून दावायच्या. आमाला गनिताला मास्तरच न्हाई, सर. आमी पळत यायचो आन् पळत जायचो. पळता पळता एकडाव ध्यानात आलं, की ही मांजरं न्हाईत, ह्यो तर खो-खो हाय!"

सगळ्या संघानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. दत्तूनं कपाळावर हात मारला. "म्हंजे फितुरी तुमच्याच घरात, सर!"

घरी आलो तो मोठ्या तयारीनं. रूथला समोर उभं केलं. आवाज चढवायचा बेत होता.

"रूथ, मांजरं माळवस्तीच्या मुलांना तू शिकवलीस?"

"हो पप्पा. त्यांना गणिताला सर नाहीत."

"पण ती आपली गणितं होती ना?"

"तुम्हीच सांगितलंत ना संडे स्कूलमध्ये? ज्याच्याकडे दोन असतील त्यानं नसलेल्याला एक द्यावं. आपल्याकडे तर किती मांजरं होती!"

"अगं, बायबलात ते अंगरख्यांचं होतं..." मी म्हणालो. शांता पदर तोंडात धरून करंज्या लाटत होती आणि तिचे खांदे हलत होते. "आता का गप्प बसलात? धडा तुमचा, दाखला तुमचा," ती म्हणाली. मग मलाही हसू फुटलं. खरं सांगतो, लेकीचा इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता, आणि हेडसरांच्या आठवणीनं इतकं वाईटही वाटलं नव्हतं. पाळकसाहेबांना मात्र लिंबाखालचं रहस्य मी सांगितलं नाही. सणासुदीला कशाला त्यांच्या आनंदावर विरजण टाका.

नाताळला हेडसर फराळाला आले. चांदणीचे कोन तपासले, पारीचं वाक्य म्हणाले, रूथच्या डोक्यावर हात ठेवला. ढालीचं नाव काढलं नाही. मी सगळी हकिकत सांगितली तेव्हा नुसते 'अच्छा' म्हणाले. जाताना जोडे घालायला त्यांना जरा वेळ लागला. ते एकदम म्हातारे दिसले.

सुट्टी संपून शाळा भरली आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसच्या दारात बबन उभा. सोबत त्यांचे एक तरुण शिक्षक. सायकलच्या कॅरिअरवर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी. हेडसरांनी मला बोलावून घेतलं. घोंगडी सोडली तर आत ढाल!

शिक्षकांनी संकोचून बबनला पुढं केलं. बबनच म्हणाला, "सर, आमच्याकडं कपाट न्हाई. पडवीत ठिवली तर शेरडं येऊन चाटत्यात. काल एका पोरानं तिच्यावर भाकर ठिऊन खाल्ली. रूथताई म्हनल्या, तुमच्याकडं एक रिकामा कोनाडा हाय. वर्षभर ठिऊन घ्या की. आमी कवातरी बघाया येऊ."

हे हेडसरांना बोचेल की काय, ही मला भीती होती. हेडसर उठले. ढाल हातात घेतली. धोतराच्या सोग्यानं तिच्यावरची धूळ आणि भाकरीचं पीठ पुसलं. मग वळले आणि रुमालावर ती ठेवली. जरा डावीकडं सरकवली, मागं होऊन बघितली, पुन्हा मध्ये घेतली. किसन दाराशी तोंड उघडं टाकून उभा होता.

"ठेवून घेतो," हेडसर म्हणाले. "पण भाडं पडेल."

बबनचं तोंड उतरलं.

"दर शनिवारी दुपारी तुम्ही सगळ्यांनी इथं यायचं. साळवे मास्तर तुम्हाला गणित शिकवतील. काय मास्तर?"

"हो सर," मी म्हणालो.

"आन् त्ये तीन उंदरांचं?" बबननं लगेच विचारलं.

"त्याचं उत्तर मलाही माहीत नाही रे. मिळून बघू."

त्यानंतरच्या शनिवारी माळवस्तीची पोरं आमच्या वर्गात आली, तेव्हा दत्तूनं आधी तोंड वाकडं केलं, मग स्वतःच्या बाकावर बबनला जागा करून दिली. मे महिन्यापर्यंत दोघं एकाच पाटीवर भांडत होते. रूथ मध्ये बसून न्यायनिवाडा करायची. तीच पुढं गणिताची शिक्षिका झाली.

हेडसरांच्या निरोपसमारंभाला तालुक्याहून एक साहेब पाहुणे आले होते. ऑफिसात चहा घेताना त्यांचं लक्ष कोनाड्याकडं गेलं. "वा! ढाल शेवटी तुमच्या शाळेनं जिंकलीच तर," ते म्हणाले. त्यांनी वाकून ढालीवरचं नाव वाचलं आणि गोंधळले. "हे तर माळवस्ती दिसतंय."

हेडसरांनी कप खाली ठेवला. खिडकीबाहेर मैदानावर दत्तू आणि बबन दोघं मिळून मंडपाची दोरी ताणत होते. हेडसर त्यांच्याकडं बघत म्हणाले, "मुलं आमचीच. शाळा तेवढी दुसरी होती."